गोऱ्हे कुठे जायचे?

थिका, केनिया
९ एप्रिल २०१८

चि. जीनल,

जय जिनेन्द्र. तू भगवानावर काय ओतलंस, ते आधी सांग. खुशाली नंतर.

परवा तुमच्या देरासरातल्या मंछाबेनचा लंडनहून फोन आला. तुझे बापूजी फोन कानाला लावून उभे होते आणि त्यांचा चेहरा असा उतरला की मला वाटलं, तिकडे कुणीतरी गेलं. फोन ठेवून म्हणाले, "तुझ्या नातीने सकाळच्या प्रक्षालाला मूर्तीवर दुधाऐवजी ओटचं दूध घातलं. गाभाऱ्यात मुंग्यांची रांग लागली." मी विचारलं, ओट म्हणजे काय? तर म्हणाले, "घोड्यांना घालतात ते." तू पहिली आलीस की त्यांची नात असतेस, असलं काही केलंस की माझी.

तुझ्या पप्पाला फोनवर विचारलं, पण माझे कान तुला माहीत आहेत. तो ओरडून काहीतरी सांगत होता. तोही हादरलाय एवढंच मला कळलं. म्हणून कागद घेतला. ज्या मुलीला मी पत्रं लिहून लिहून गुजराती शिकवलं, जी दर रविवारी पाठशाळेत लहान मुलांकडून नवकार म्हणून घेते, जिने कॉलेजात असताना आपणहून बटाटा सोडला आणि मी ते अख्ख्या थिकाला सांगत फिरले, तिने हे करावं? देरासरात कधी न येणाऱ्या माणसाने केलं असतं तर मी म्हटलं असतं, जाऊ दे, अडाणी आहे.

१ जुलैला देरासरची सालगिरा आहे. देरासर उघडलं तो दिवस, वर्षातला सगळ्यात मोठा, आणि त्या दिवशीचा पहिला प्रक्षाल यंदा आपल्या घराला मिळालाय. त्यासाठी मी तिकीट काढलंय. या वयात एकटी विमानात बसणार आहे, कारण आपली लाखी जूनमध्ये व्यायची आहे आणि गाभण गाय सोडून बापूजी हलणार नाहीत. आता कमिटीचे मगनभाई म्हणतात, तुमच्या घराबद्दल विचार करावा लागेल. आपल्या घराबद्दल आता लोकांनी विचार करायचा? कमिटीसमोर उभी राहा आणि माफी माग. माझ्यासाठी माग.

तुझी बा

*

लंडन
१९ एप्रिल २०१८

प्रिय बा,

जय जिनेन्द्र, पाया पडते. ओटचंच होतं. पांढरं असतं, पातळ असतं, कुणाच्या लक्षात येणार नाही असं मला वाटलं. त्यात साखर असते हे माझ्याच लक्षात आलं नाही. मूर्तीच्या मांडीच्या खाचेत ते राहिलं, वाळलं, आणि दुसऱ्या दिवशी मुंग्या. जयंतीकाका सकाळभर मोरपिसांच्या कुंचल्याने एकेक मुंगी कागदावर घेऊन बागेत नेऊन सोडत होते. तरी काही दिव्यात गेल्याच. हिंसा टाळायला गेले आणि गाभाऱ्यात मुंग्या मारून बसले. त्यांची माफी मी मागितली आहे. रोज मागते.

आता का केलं ते सांगते. मार्चमध्ये मी पाठशाळेच्या मुलांना एका डेअरीवर नेलं. आपल्या देरासरात दूध तिथूनच येतं. मुलांनी गायी बघाव्यात, त्यांच्याशी प्रेमाने वागावं, म्हणून नेलं. कल्पना माझीच. गोठा स्वच्छ होता, मालकीणबाई हसतमुख. युवान नावाचा नऊ वर्षांचा मुलगा आहे, सारखे प्रश्न विचारतो, त्याने एका वासराच्या तोंडात बोट दिलं होतं आणि ते चोखत होतं. त्याने बाईंना विचारलं, "याचं नाव काय?"

"त्याला नाव नाही. तो मुलगा आहे."

"मुलगे काय करतात?"

"मुलगे मंगळवारी जातात."

"कुठे?"

बाई चांगली होती, बा. तिने खोटं सांगितलं नाही. मला तिला थांबवायचं होतं, पण तोवर ती सांगून मोकळी झाली होती. परतताना बसमध्ये कुणी थेपल्याचा डबा उघडला नाही. युवान ते बोट अंगापासून लांब धरून बसला होता, जणू ते त्याचं नव्हतंच.

पुढच्या रविवारी प्रक्षालाची पाळी माझी होती. तोंडाला रुमाल बांधला, दुधाची कळशी उचलली आणि हात पुढे जाईना. ज्या भगवानाने मुंगीचाही विचार केला त्याच्या अंगावर मी हे काय घालतेय? माझ्या चहाचं ओटचं खोकं पिशवीत होतं. ते काढलं. विचार करायला वेळ मिळाला असता तर पाणी घातलं असतं.

मुंग्यांची माफी मागितली, पण दुधाबद्दल मी माफी मागणार नाही. तुम्ही माझ्यावर रागवा, पण एक सांगा. दुकानामागे तुमच्याकडे कायम गायी होत्या, अजूनही एक आहे. त्यांचे गोऱ्हे कुठे जायचे?

तुमची जीनल

*

थिका
२ मे २०१८

चि. जीनल,

तुझं पत्र वाचलं. तू मला त्या बाईच्या रांगेत बसवलंस. माझ्या गोठ्याची आणि त्या कारखान्याची बरोबरी?

आमच्या गायींना नावं होती. गोमती, पारू, धोळी, आता लाखी. वासरू पोटभर प्यायचं आणि मग आम्ही. त्यातलं पहिलं दूध मी झाकून, अनवाणी, देरासरात नेत असे. लग्न होऊन आले तेव्हापासून गेल्या वर्षी गुडघे गेले तोवर. थिकाच्या देरासरातला प्रक्षाल माझ्या दुधाने होतो असं लोक म्हणायचे, आणि हो, मला त्याचा अभिमान होता.

आणि गोऱ्हे म्हणशील तर ते सोजपारभाईंच्या शेतावर जायचे. डोंगराकडे त्यांची मोठी जमीन होती. बापूजी स्वतः टेम्पो बोलवायचे. मी प्रत्येकाला हाताने गूळ भरवायची, कपाळाला कुंकू लावायची, पोरीला सासरी पाठवावं तसं. एकदा तर मी इतकी रडले की तुझा पप्पा, तेव्हा तो शाळेत होता, मला म्हणाला, बा, ते काय परीक्षेला चाललंय का? तर असं होतं आमचं. पाठशाळेत शिकवायचंच असेल तर हे शिकव. ओट नको.

माफीचं मी इथे लिहूनच ठेवलंय, तू फक्त वाचून दाखव: "माझ्याकडून अज्ञानाने भगवानाची आशातना, अवहेलना झाली, मिच्छामि दुक्कडम." एवढंच. मगनभाई तापट आहेत, पण पाघळतात लवकर. ते इथे केनियातच वाढले, मी त्यांना शेंबूड पुसता येत नव्हता तेव्हापासून ओळखते.

दूध पीत जा. तुझी मम्मी म्हणते, वाळलीस.

तुझी बा

*

लंडन
१३ मे २०१८

प्रिय बा,

कमिटीसमोर उभी राहिले. तुमचं वाक्य पाठ केलं होतं, पण "अज्ञानाने" या शब्दाशी अडखळले. अज्ञानाने नव्हतंच ते.

मगनभाई म्हणाले, "आज ओट, उद्या कोकाकोला चढवशील."

मी म्हटलं, "काका, मुंग्यांबद्दल माझं चुकलं. दुधाबद्दल नाही."

"तू आम्हाला धर्म शिकवणार? आम्ही इथे आलो तेव्हा घराच्या हॉलमध्ये कपाटात मूर्ती ठेवून हे देरासर उभं केलं."

"तुम्ही उभं केलंत म्हणूनच मी शिकले, काका."

जयंतीकाकांना हसू आलं, त्यांनी ते खोकून दाबलं. मगनभाईंना मात्र नाही आलं. माझा वर्ग दीप्तीबेनना दिला. पर्युषणापर्यंत मी गाभाऱ्यात पाऊल ठेवायचं नाही. सालगिरेचा पहिला प्रक्षाल आपल्याच घराचा राहील, पण तुम्ही एकटीने करायचा, दुधाने, आणि तसा शब्द तुम्ही त्यांना द्यायचा. घरी आल्यावर पप्पा म्हणाले, "मला माझ्या दुकानातसुद्धा लोक विचारतात." मम्मी रडली. वर्ग गेल्याचं मला इतकं लागेल असं वाटलं नव्हतं, बा. रविवारी सकाळी कुठे जायचं तेच कळत नाही.

पण तुमच्या पत्राने मला आधार झाला, खरंच. तुमच्यावर संशय घेतला म्हणून लाज वाटली. देरासरबाहेर युवान भेटला, त्याने विचारलं, मंगळवारी न गेलेला एक तरी आहे का? मी म्हटलं, आहेत, माझ्या बाचे आहेत, आफ्रिकेत डोंगरावर. त्याने लगेच विचारलं, कुठला डोंगर, फोटो आहे का? ते शेत अजून असेल तर पत्ता पाठवा. सोजपारकाकांची मुलं असतील तिथे. वर्गातल्या सगळ्यांना दाखवायचंय. मला त्यांच्यासमोर एकदा तरी खरी गोष्ट घेऊन उभं राहायचंय.

तुमची जीनल

*

थिका
२९ मे २०१८

चि. जीनल,

त्या मुलाला काही सांगू नकोस. सांगितलं असशील तर परत जाऊन सांग की ते खोटं होतं.

तुझं पत्र आलं त्या दिवशी दुपारी बापूजी जेवत होते. मी सहज विचारलं, "सोजपारभाईंच्या शेताचं गाव कुठलं? जीनलला पत्ता हवाय."

"कसलं शेत?"

"आपले गोऱ्हे जायचे ते."

त्यांनी रोटला मोडला, ताकात बुडवला, खाल्ला. मग म्हणाले, "सोजपारकडे कॉफीची झाडं होती. गोऱ्हे ठेवले असते तर कॉफी उरली असती का?"

"मग कुठे गेले?"

"सगळ्यांचे जातात तिथे."

मी म्हटलं, "तुम्ही मला सोजपारभाई म्हणाला होतात."

"एकदाच म्हणालो. पहिल्या वेळी, तू नवी होतीस, गोमतीच्या वासराला मिठी मारून बसली होतीस. नंतर तू कधी विचारलंच नाहीस. टेम्पो आला की कुंकू घेऊन यायचीस. मला वाटलं, तुला कळलंय आणि तुला कळून घ्यायचं नाही."

एवढं बोलून त्यांनी ताक मागितलं. मी ते दिलं. ते ताक मी वाटीत कसं ओतलं मला ठाऊक नाही.

जीनल, मी कसायाच्या टेम्पोत बसणाऱ्या जीवाला कुंकू लावत होते. हाताने गूळ खाऊ घालत होते, म्हणजे ते शांतपणे चढावेत. आणि त्यांच्या आयांचं दूध अनवाणी देरासरात नेत होते. रोज संध्याकाळी प्रतिक्रमणात चौऱ्याऐंशी लाख योनींची माफी मागत आले, त्यात एकदाही यातला एक डोळ्यांसमोर आला नाही.

मी बापूजींना काय काय बोलले ते लिहीत नाही. ते एवढंच म्हणाले, "पाच मुलं होती, एक दुकान होतं. बैल पोसायचे कशावर?" त्यांचंही खोटं नाही. म्हणून जास्त राग येतो. आता ते शेजारी कोकिळाकडे जेवतात आणि मी एकटी जेवते. ते मला फसवत होते, की मी त्यांच्याकडून फसवून घेत होते, तेवढं कळेना. मला खरंच कळलं होतं का गं? माणसाला कळतं आणि तरी कळत नाही असं असतं का?

लाखी पंधरा दिवसांत व्यायची आहे. गोऱ्हा नको, पाडी झाली तर बरं. विमानाचं मला काही सुचत नाही.

तुझी बा

*

लंडन
६ जून २०१८

प्रिय बा,

हे पत्र अश्विनकाकांच्या हाती देतेय, ते उद्या नैरोबीला निघतात, म्हणजे लवकर पोचेल.

पप्पांचं बापूजींशी बोलणं झालं. तुम्ही दूध, चहा, तूप, सगळं सोडलंत. डॉक्टर चिडलेत. कोकिळामासी म्हणाल्या की तुम्ही दार लावून बसता, हाक मारली तरी ओ देत नाही. बा, मी काय करून बसले? मला फक्त शेताचा पत्ता हवा होता. तुमचं पत्र मी दुकानाच्या मागच्या खोलीत वाचलं आणि गिऱ्हाईक काउंटरवर उभं असताना मला बाहेर येता येईना.

म्हणून काल मी मगनभाईंच्या घरी गेले आणि माफी मागितली. सगळ्याची. तुमचं वाक्य म्हटलं, "अज्ञानाने" धरून. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. वर्ग परत मिळाला. सालगिरेला मी तुमच्याबरोबर गाभाऱ्यात येऊ शकते. दुधाची कळशी मी धरेन, तुम्ही ओता. मला चालेल, खरंच चालेल.

फक्त खा, बा. उपास करू नका. आणि या. तुम्ही आलात की सगळं आधीसारखं होईल.

तुमची जीनल

*

थिका
१४ जून २०१८

चि. जीनल,

तुला माफी मागायला कुणी सांगितलं होतं? मीच सांगितलं होतं, माहीत आहे. पण मधल्या काळात मी तुला दुसरं पत्र लिहिलं होतं ना? ते वाचून तू मगनभाईंकडे गेलीस? मला वाटलं होतं, आपल्या घरात एकजण तरी न डगमगणारी आहे. तुझं पत्र वाचून मला जेवढा धक्का बसला तेवढा त्या ओटने नव्हता बसला.

मी उपाशी नाही. खिचडी खाते, तूप घालत नाही. चहा काळा पिते, लिंबाचं पान टाकून, अगदी वाईट लागतो. दार लावते कारण कोकिळा सल्ले देते, आणि हाक ऐकू न यायला मला दार लावावं लागत नाही. तुझा पप्पा अर्धंच ऐकतो, त्याचे कान धड असून.

लाखी रविवारी व्याली. वीतरागाकडे काही मागायचं नसतं हे मी तुला शिकवलंय, तरी मी मागितलं होतं, पाडी दे. गोऱ्हा झाला. तपकिरी, कपाळावर पांढरा ठिपका, उभं राहताना चारी पाय चार दिशांना.

बुधवारी गोऱ्हे नेणारा न्जोरोगे टेम्पो घेऊन आला. आम्ही कळवलं नव्हतं. त्या माणसाला गावातल्या गाभण गायींच्या तारखा पाठ असतात. बापूजी दुकानाच्या पायरीवर होते. तो त्यांच्याशी भाव बोलायला लागला, तर ते म्हणाले, "तिला विचार."

तो मला बघून हसला. स्वाहिलीत आईला मामा म्हणतात, तसा तो मला म्हणतो. "मामा, कुंकू आणायला निघालात का?"

जीनल, त्यालाही माहीत होतं. इतकी वर्षं तो बघत होता, आणि घरी जाऊन बायकोला सांगत असेल, भारतीय म्हातारी कशी रंगवून देते. मी गोऱ्ह्याच्या पुढे जाऊन उभी राहिले. मग म्हटलं, "हा जाणार नाही."

"आज नाही की पुढच्या आठवड्यात?"

"कधीच नाही."

त्याने बापूजींकडे बघितलं. बापूजी खाली वाकून साखरेच्या पोत्याचं तोंड शिवायला लागले. पोतं आधीच शिवलेलं होतं. न्जोरोगे चिडला नाही, उलट समजावत होता. "मामा, बैल वीस वर्षं जगतो. तुम्ही दोघं म्हातारी. मी परत येईन, घाई नाही."

म्हणून मी लंडनला येत नाही. मी विमानात बसले की तो येणार, आणि बापूजी एकटे असणार. ते वाईट नाहीत, पण नाही म्हणायची त्यांना सवय नाही. काल ते गोठ्यात जाऊन बसले होते. जेवायला अजून कोकिळाकडेच जातात, मी बोलावलेलं नाही.

प्रक्षालाचंही सांगते. कोकिळाला मगनभाईंचा फोन लावायला लावला आणि म्हटलं, आमचं घर फक्त पाण्याने प्रक्षाल करेल, जीनल करेल. त्यांचं उत्तर कोकिळाने माझ्या कानात ओरडून सांगितलं: ते म्हणतात, मेरू पर्वतावर इंद्राने भगवानाला क्षीरसागराने न्हाऊ घातलं होतं. मी म्हटलं, त्या सागरात कुणाचं वासरू नव्हतं. त्यावर फोन कटला की त्यांनी ठेवला, माहीत नाही. पहिला प्रक्षाल आता गुडकांच्या घराला गेलाय असं मंछाबेन सांगते. तुझा वर्गही बहुतेक पुन्हा हातचा जाईल. मी तुला विचारलं नाही. तूही मला न विचारता माफी मागितलीस, म्हणजे फिटलं.

आता माझं ऐक. तू मला विचारलंस गोऱ्हे कुठे जायचे. हा कुठेही गेलेला नाही. दारात बांधलाय आणि दूध पिऊन झोपलाय. मी एक्याऐंशीची आहे, बापूजी चौऱ्याऐंशीचे. आमच्यामागे तुझा पप्पा हे घर विकणार, तसं त्याने आत्ताच बोलून ठेवलंय. पिशवीतून ओटचं खोकं काढायला तुला एक क्षण लागला, बेटा. याला वीस वर्षं लागतील.

विचार करून लिही, रडून लिहू नकोस. आमच्यानंतर तू घेशील का याला?

तुझी बा